गाठ काढली, मार्जिन मोकळ्या आल्या. मग आजूबाजूच्या ऊतींचा अभ्यास कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकट्या भावाच्या गालात आतून कॅन्सरची गाठ होती, ती ऑपरेशन करून काढली. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात सगळ्या मार्जिन, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडा, मोकळ्या आहेत, तरी डॉक्टर लाईट (रेडिएशन) घ्यायला सांगताहेत. शिवाय ऑपरेशनच्या आधी एका संमतीपत्रावर सही मागितली होती. गाठीबरोबर तिच्यापासून थोडा लांबचा, निरोगी दिसणारा तुकडाही संशोधनासाठी घेऊ का, असं त्यात विचारलं होतं. भावाने सही दिली. पण कॅन्सर गाठीत असताना आजूबाजूचं घेऊन संशोधक काय शोधतात, ही शंका तुमच्या मनात राहिली. तोंडाच्या कॅन्सरवर मी वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत काम करते आहे आणि माझा बराचसा वेळ याच ‘आजूबाजूच्या’ भागावर जातो, म्हणून सविस्तर लिहिते.

गाठ म्हणजे नुसता कॅन्सरच्या पेशींचा गोळा नसतो. तुमच्या भावाच्या गाठीचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर कॅन्सरच्या पेशींचे पुंजके दिसतील. त्या पुंजक्यांच्या मधे आणि भोवती इतरही बरंच काही दिसेल: कोलॅजनचे धागे, ते धागे तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या, चेतातंतू, आणि लिम्फोसाइट, मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी. कॅन्सरच्या पेशींत जनुकांचे जे बिघाड असतात, ते या पेशींमध्ये सहसा नसतात. त्या रुग्णाच्या स्वतःच्या, मूळच्या भल्या पेशी. गाठीच्या शेजारात राहून मात्र त्यांचं वागणं बदलतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये तर गाठीचा बहुतेक भाग या इतर पेशींनी आणि धाग्यांनीच भरलेला असतो. गाठ वाढेल की थांबेल, पसरली तर कुठे पसरेल, औषध तिच्यापर्यंत पोचेल का, रोगप्रतिकारक पेशींना ती ओळखू येईल का, हे कॅन्सरची पेशी एकटी ठरवत नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच. पुढचं सगळं त्याचे पुरावे म्हणून वाचा.

पहिला मोठा पुरावा १८८९ सालचा आहे. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी २४१ जणांच्या यकृतात कॅन्सर पसरलेला होता, प्लीहेत मात्र फक्त १७ जणांच्या. प्लीहेलाही रक्त भरपूर मिळतं. रक्तातून वाहत गेलेल्या पेशी जिथे जातील तिथे वाढत असत्या, तर दोन अवयवांत एवढा फरक पडला नसता. पॅजेट यांनी याची तुलना बियाणं आणि जमीन यांच्याशी केली: बी वाऱ्याबरोबर सगळीकडे जातं, पण रुजतं ते मानवणाऱ्या जमिनीतच. बियाण्याचा अभ्यास सगळेच करताहेत, जमिनीकडेही बघा, असा त्यांचा आग्रह होता. पुढची ऐंशी-नव्वद वर्षं तो आग्रह फारसा कुणी मनावर घेतला नाही.

यालाही कारण आहे. १९११ मध्ये न्यूयॉर्कला पेटन राऊस यांनी कोंबड्यांमध्ये गाठ उत्पन्न करणारा विषाणू दाखवला. त्या विषाणूतल्या ‘सार्क’ या जनुकाचा मूळ नमुना निरोगी पेशींतच असतो, हे मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड वार्मस यांनी १९७६ मध्ये सिद्ध केलं आणि १९८९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कॅन्सर हा जनुकांच्या बिघाडाचा आजार आहे ही समज इथून पक्की झाली. ती खरीच आहे. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये टीपी५३ हे जनुक बहुतेकदा बिघडलेलं सापडतं. पण जनुक बिघडलं की कॅन्सर झालाच, असा अर्थ त्यातून काढला गेला, आणि तो टिकला नाही. गंमत अशी, की तो खोडून काढणारा सर्वांत सुंदर प्रयोग राऊस यांच्याच विषाणूवर झाला.

तेहरानमध्ये जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मीना बिसेल यांनी डेव्हिड डॉलबर्ग यांच्याबरोबर हा विषाणू अंड्यातल्या, अजून घडत असलेल्या पिल्लाच्या पंखात टोचला. निकाल १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणू पेशींत शिरला, सार्क जनुक कामाला लागलं, पण गाठ झाली नाही. पंख व्यवस्थित घडत राहिला. त्याच पंखातल्या पेशी सुट्ट्या करून काचेच्या बशीत वाढवल्यावर मात्र त्या कॅन्सरसारख्या वागू लागल्या. जनुक तेच आणि पेशीही त्याच. फक्त शेजारी-पाजारी काढून घेतले होते.

पुढच्या वर्षी याच गटाने अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लांवर काम केलं. एका पंखात विषाणू टोचला की तिथे गाठ व्हायची. विषाणू रक्तातून सगळ्या शरीरात फिरत असूनही दुसरीकडे काही होत नसे. मग त्यांनी दुसऱ्या पंखाला जखम केली, तर त्या जखमेच्या जागी गाठ उगवली. जखम भरताना शरीर जी रसायनं सोडतं, त्यांतलं टीजीएफ-बीटा हे यामागचं महत्त्वाचं रसायन निघालं. हे नाव लक्षात ठेवा, तुमच्या भावाच्या गालाकडे येताना ते पुन्हा लागेल. १९८६ मध्ये बोस्टनचे पॅथॉलॉजिस्ट हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी गाठीला ‘न भरणारी जखम’ म्हटलं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत तशाच नव्या रक्तवाहिन्या, तशाच कामाला लागलेल्या फायब्रोब्लास्ट आणि तशाच जमलेल्या पांढऱ्या पेशी दिसतात. जखमेत हे काम पुरं होऊन थांबतं. गाठीत ते चालूच राहतं.

बिसेल यांचा आणखी एक प्रयोग मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना समजावून देते. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी सपाट प्लॅस्टिकवर न वाढवता, शरीरातल्या आधारपटलासारख्या मऊ जेलमध्ये वाढवल्या. निरोगी पेशी अशा जेलमध्ये छोटे, पोकळ, नीटस गोल बनवतात. कॅन्सरच्या पेशी वेडावाकडा गोळा करतात. पेशीला भोवतालच्या धाग्यांशी बांधणारा बीटा-१ इंटिग्रिन नावाचा एक रेणू असतो. तो अँटिबॉडीने अडवल्यावर कॅन्सरच्या त्याच पेशी पुन्हा नीट, शिस्तीत मांडल्या गेल्या. हे १९९७ चं काम. जनुकांतला बिघाड जागच्या जागी होता, त्याला कुणी हातही लावलेला नव्हता. बदलला तो पेशीचा भोवतालाशी चाललेला संवाद. या प्रयोगातून लगेच औषध निघालं नाही, आणि कॅन्सर असा उलटवता येतो असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण भोवताल हा केवळ बघ्या नाही, हे यानंतर नाकारता येण्याजोगं राहिलं नाही.

आता आपल्याकडचं तोंड. तुम्ही लिहिलं आहे की भाऊ बारा-पंधरा वर्षं खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खात होता आणि ऑपरेशनच्या आधीची दोन-तीन वर्षं त्याला तिखट सोसत नव्हतं, तोंडही पूर्ण उघडत नव्हतं. हे वर्णन वाचूनच माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या गालाचा काप उभा राहिला. याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२-५३ च्या सुमारास वैद्यकीय साहित्यात त्याची ओळख पटली. पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये श्वार्ट्झ यांनी आणि मुंबईत जोशी यांनी त्याचं वर्णन केलं.

हा आजार मुळात भोवतालचा आहे. गालाच्या अस्तराखालचा, एरवी मऊ आणि ताणला जाणारा थर हळूहळू कडक होतो. दोष तंबाखूचा असेल असं सगळ्यांना वाटतं, पण इथे मुख्य गुन्हेगार सुपारी आहे. तंबाखू नसलेली नुसती सुपारी चघळणाऱ्यांनाही हा आजार होतो. सुपारीतलं अरेकोलीन फायब्रोब्लास्टना जास्त कोलॅजन बनवायला लावतं. टीजीएफ-बीटा वाढतं. सुपारीतली टॅनिनसारखी द्रव्यं कोलॅजनला असं बांधतात की शरीराला ते नेहमीसारखं विरघळवता येत नाही. भरीला सुपारीत तांबं बरंच असतं, आणि कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांशी सांधणारं लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम चालतं तेच तांब्यावर. सांधे वाढले की थर कडक होतो, त्यातल्या रक्तवाहिन्या कमी होतात, वरचं अस्तर पातळ पडतं.

उंदरांच्या स्तनग्रंथीवर व्हॅलेरी वीव्हर यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की हेच सांधे वाढवले की गाठ जोर धरते आणि लायसिल ऑक्सिडेज अडवलं की गाठी कमी होतात. पेशीला भोवतालचा कडकपणा जाणवतो. तो जाणवणारा मार्ग इंटिग्रिनचाच, ज्याच्याबद्दल वर लिहिलं. ते काम वाचताना मला आपल्या ओपीडीत दोन बोटंही तोंडात न जाणारे विशी-पंचविशीतले तरुण आठवत होते. जे तिथे उंदरांत मुद्दाम घडवावं लागलं, ते इथे पाच-दहा रुपयांची पुडी घडवते आहे.

सबम्यूकस फायब्रोसिस झालेल्या प्रत्येकाला कॅन्सर होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ७.६ टक्के जणांना कॅन्सर झाला. म्हणजे बहुतेकांना झाला नाही. पण ज्या वयात हा आजार सुरू होतो ते पाहता हा आकडा लहान नाही. सुपारी सोडल्यावर कडक झालेला थर सहसा पूर्ववत होत नाही; पुढचं नुकसान मात्र कमी होऊ शकतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. विदर्भात पानठेल्यावर ताजा घोटून मिळणारा खर्रा आणि इतरत्र मिळणारा मावा यांच्यात सुपारी तीच असते. लोक मला ‘तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो’ असं समाधानाने सांगतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

आता मार्जिनबद्दल. मार्जिन मोकळी याचा अर्थ काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचलेल्या दिसल्या नाहीत. तोंडाच्या कॅन्सरमध्ये साधारण ५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त अंतर असेल तर मार्जिन चांगली समजतात. ही खरोखर चांगली बातमी आहे. पण १९५३ मध्ये शिकागोचे शल्यविशारद डी. पी. स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरचे ७८३ रुग्ण अभ्यासले, तेव्हा गाठीच्या आजूबाजूचं, डोळ्यांना बरं दिसणारं अस्तरही सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेलं सापडलं. कारण उघड आहे. खर्रा एका ठिपक्यावर बसत नाही, सगळ्या गालाला लागतो. एका जागी गाठ झाली, तेव्हा बाकीचा गालही त्याच वाटेवर कमी-अधिक पुढे गेलेला असतो.

लाईट का सांगितली याचं नेमकं उत्तर तुमचे डॉक्टरच देऊ शकतील, कारण भावाचा संपूर्ण रिपोर्ट माझ्यासमोर नाही. मार्जिन मोकळ्या असूनही लाईट देण्याची ठरलेली कारणं आहेत: गाठ मोठी किंवा खोल असणं, मानेतल्या लसिका गाठींत (नोड) कॅन्सर सापडणं, कॅन्सरच्या पेशी चेतातंतूच्या भोवतीने किंवा बारीक वाहिन्यांत शिरलेल्या असणं. रिपोर्टात ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’, ‘डेप्थ ऑफ इन्व्हेजन’ आणि ‘नोड’ हे शब्द शोधा आणि त्यांच्यावर बोट ठेवून डॉक्टरांना विचारा. पाहा, ही सगळी कारणं गाठ भोवतालाशी काय करते आहे याचीच आहेत. टाटा मेमोरियलमध्ये अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून हेच समोर आलं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी फुगायची वाट न पाहता पहिल्या ऑपरेशनमध्येच काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. वाट पाहिलेल्यांमध्ये ६७.५ टक्के. बाहेरून हाताला काही लागत नसताना मानेत आधीच पेशी पोचलेल्या असतात.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की भोवताल जर एवढा साथ देतो, तर त्यालाच नष्ट करावं. आमच्या क्षेत्रालाही तेच वाटलं होतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरभोवतीच्या दाट धाग्यांमुळे औषध आत पोचत नाही, म्हणून २००९ मध्ये उंदरांमध्ये तो थर एका औषधाने विरळ केला गेला. केमो आत पोचली, उंदीर जास्त जगले. मोठ्या आशेने त्या प्रकारचं औषध माणसांना देऊन पाहिलं, तर ते घेणाऱ्या रुग्णांची प्रकृती औषध न घेणाऱ्यांपेक्षा जास्त खालावली आणि २०१२ मध्ये चाचणी थांबवावी लागली. २०१४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांतच उलगडा केला: त्या थरातल्या काही पेशी गाठीला आवरून धरत होत्या. त्या काढल्यावर गाठी जास्त आक्रमक झाल्या. धाग्यांमधलं हायलुरोनिक आम्ल विरघळवणारं एक औषधही पुढे २०१९ मध्ये मोठ्या चाचणीत निष्फळ ठरलं.

मला हा सगळा अनुभव या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा वाटतो, जरी त्याची किंमत रुग्णांनी मोजली. फायब्रोब्लास्ट नावाची एकच पेशी नाही. त्यांचे अनेक प्रकार आहेत, काही गाठीला पोसतात, काही अडवतात, आणि एकच पेशी वेळेनुसार भूमिका बदलू शकते. म्हणून आज ‘भोवताल मारा’ असं जाणता संशोधक म्हणत नाही. कोणती पेशी, कुठे, कोणाच्या शेजारी, कोणत्या वेळी काय करते आहे, हे आधी कळलं पाहिजे. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे आणि पावडरी विकणारे हाच विषय दोन वाक्यांत उरकतात. त्यांच्यावर पैसे घालवू नका.

भोवतालावर उपचार करून फायदा झाल्याची उदाहरणंही आहेत, त्यांतली दोन आपल्या मातीतली. प्रतिकारक पेशींवर कॅन्सरने लावलेला ब्रेक सोडवणाऱ्या औषधांच्या मूळ शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ही औषधं अतोनात महाग आहेत. टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या वाढलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर एक चाचणी झाली. तोंडाने घ्यायच्या कमी मात्रेच्या औषधांबरोबर यांपैकीच निवोलुमॅब हे औषध फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिलं, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. वर्षभराने हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. ज्यांना पूर्ण डोस कधीच परवडला नसता, त्यांच्यासाठी हा आकडा फार मोठा आहे.

दुसरं उदाहरण त्याहून साधं. शल्यविशारद राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १,६०० स्त्रियांवर चाचणी झाली. ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेनचं, म्हणजे दात काढताना जागा बधिर करायला वापरतात त्या औषधाचं, इंजेक्शन दिलं. पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के. फरक पावणेचार टक्क्यांच्या आसपासचा, खर्च नगण्य. शल्यविशारदाने गाठ हाताळताना तिच्या भोवती जे घडतं त्याचाही पुढच्या पसरण्याशी संबंध असतो, हा विचार यामागे होता. हे निष्कर्ष स्तनाच्या कॅन्सरचे आहेत, ते गालाच्या गाठीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

आता तुमच्या भावाच्या तुकड्याचं काय होतं ते सांगते. निदानासाठी लागणारा भाग आधी पॅथॉलॉजिस्ट बाजूला ठेवतात. त्यातून उरलेलंच आमच्याकडे येतं. काही भाग द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना गोठवतात, काही फॉर्मॅलिनमध्ये घालून मेणात बसवतात. पूर्वी आम्ही तुकडा कुटून त्यातला सगळा आरएनए, म्हणजे चालू जनुकांचे संदेश, एकत्र मोजायचो. त्यात कोणता संदेश कोणत्या पेशीचा, हे हरवून जायचं. आता पातळ कापावरच, पेशी आपल्या जागी असताना, कोणतं जनुक कुठे चालू आहे ते वाचता येतं. कॅन्सरच्या पुंजक्याच्या कडेला मॅक्रोफेज आहेत का, लिम्फोसाइट आत शिरले आहेत की धाग्यांच्या बाहेरच अडकले आहेत, फायब्रोब्लास्ट कोणत्या प्रकारच्या आहेत, याचा नकाशा तयार होतो. प्लॅस्टिकच्या बशीत वाढवलेल्या पेशींतून हे कधीच कळणार नाही. ते प्लॅस्टिक गालाच्या मऊ थरापेक्षा लाखो पटींनी कडक असतं, आणि कडकपणा पेशीला कळतो हे आपण वर पाहिलंच.

गाठीचे तुकडे आम्हाला मिळतात. खरी टंचाई असते ती गाठीपासून दीड-दोन सेंटिमीटरवरच्या, बऱ्या दिसणाऱ्या अस्तराची, कारण ते द्यायला लोक कचरतात आणि ते स्वाभाविक आहे. पण बिघाड नेमका कोणत्या क्रमाने झाला, आधी थर कडक झाला की आधी अस्तरातली जनुकं बदलली, आणि ते कुठे थांबवता आलं असतं, हे गाठीत वाचता येत नाही. तिथे सगळं घडून गेलेलं असतं. ते त्या अर्ध्या वाटेवरच्या तुकड्यात वाचता येतं. भावाने सही केली त्याने त्याच्या उपचारांत काहीही बदलत नाही, तुकड्यावर नाव जात नाही, संकेतांक जातो, आणि त्याला वाटलं तर उद्याही संमती मागे घेता येते. त्या संमतीपत्राची प्रत मागून घ्या. त्यावर नीतिसमितीचा संपर्क असतो, शंका तिथेही विचारता येतात. लाईट सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा, तोंड उघडण्याचे व्यायाम आजपासून रोज करून घ्या आणि दोन पुढच्या दातांमधलं अंतर दर आठवड्याला मोजून वहीत लिहा. ते कमी होऊ लागलं किंवा गालात कुठेही नवा पांढरा वा लाल चट्टा दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवायला न्या.